तिसऱ्या वळणाखालचा ओढा

एसीच्या रिमोटवर अठ्ठावीसचा आकडा दिसला की मला अमेरिकेतलं एक सोयाबीनचं शेत आठवतं. अमेरिकेला मी आयुष्यात गेलेले नाही. ते शेत मी फक्त वरून पाहिलंय, उपग्रहाने काढलेल्या चित्रात, योकोहामाच्या एका घामट प्रयोगशाळेत बसून. तरी त्याचा ईशान्येचा कोपरा मला आमच्या साताऱ्याच्या परसदारापेक्षा नीट आठवतो, याचं माझं मलाच नवल वाटतं.

आज ऑफिसात पुन्हा तो आकडा दिसला. त्सुयु, म्हणजे इथला पावसाळा, संपला. बाहेर किर्र ओरडणाऱ्या सेमी किड्यांनी झाडं डोक्यावर घेतली. आणि कुणीतरी शिस्तीत एसी अठ्ठावीसवर आणून ठेवला. आता त्याचं कुणाला काही वाटत नाही. २०११च्या उन्हाळ्यात मात्र तो आकडा मला नवा होता. मार्चमध्ये भूकंप झालेला, अणुवीज केंद्रं एकेक करून बंद पडत चाललेली, आणि सगळा देश सेत्सुदेन करत होता. सेत्सुदेन म्हणजे वीजबचत. स्टेशनातले सरकते जिने थांबवलेले. कॉन्बिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, निम्मे दिवे बंद. गंभीर चेहऱ्याची माणसं टायशिवाय ऑफिसला निघालेली, आणि टाय नसल्यामुळे एकदम कुणाच्या तरी काकांसारखी दिसणारी.

आणि कारली! खिडकीवर वेल चढवला की घर गार राहतं म्हणून शाळा, दवाखाने, पोलीस चौक्या, सगळीकडे जाळ्यांवर कारली लोंबत होती. एवढ्या कारल्यांचं करायचं काय हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. शेजारपाजारचे लोक माझ्या दाराशी पिशव्या आणून ठेवायचे. मी चिंच-गूळ घालून भाजी करायचे आणि डबे परत पाठवायचे. साताऱ्यात आई ज्या भाजीसाठी माझ्या मागे लागायची, ती मी हजारो मैलांवर येऊन लोकांच्या गळी उतरवत होते.

मी तेव्हा पोस्टडॉक होते. विषय माती. भूकंपात तोक्योच्या खाडीकाठची भराव घातलेली जमीन आणि आतल्या बाजूला बुजवलेल्या जुन्या नद्यांवरच्या वस्त्या पातळ झाल्या होत्या. पातळ म्हणजे अक्षरशः पातळ: ओली वाळू हादरली की पाण्यासारखी वागते. गटारांची झाकणं कमरेइतकी वर आलेली, घरं कललेली. आम्ही घरोघर जाऊन कल मोजायचो. एका आजींच्या घरात जमिनीवर गोटी ठेवली की ती आपण होऊन देवघराच्या भिंतीपर्यंत जायची. त्या मला चहा द्यायच्या आणि तिरक्या घरात राहून डोकं गरगरतं म्हणायच्या. मोजमाप संपलं की सगळ्यांचा प्रश्न एकच असायचा: चूक कुणाची? घर बांधणाऱ्याची, जमीन विकणाऱ्याची, की आमची, न विचारता घेतली म्हणून? मी जुने नकाशे उलगडून दाखवायचे. इथे अमुक काळी नदी होती, ही बघा. त्यावर माणसं गप्प व्हायची. नदीवर चिडता येत नाही.

आई फोनवर रोज म्हणायची, “केतकी, गाशा गुंडाळ आणि ये. लोकांच्या पडक्या घरांची मापं काढायला तुलाच पाठवलंय का देवाने?” मी म्हणायचे, “पडकी नाहीत गं, कललेली आहेत.” ती म्हणायची, “तेच ते.”

दर शनिवारी सकाळी वॉर्डच्या समाजकेंद्रात परदेशी लोकांसाठी जपानीचा वर्ग असे. शिकवणारे सगळे निवृत्त, हौशी. माझे शिक्षक हिरानो-सान. वय सत्तरीच्या पुढे, हात मोठे, नखांत अजून काळं; आयुष्यभर मोटारींचं गॅरेज चालवलेलं. बोलणं तोलूनमापून. चुकलं तर चुकलं म्हणत नसत, फक्त भुवया थोड्या वर जात. त्या जूनमध्ये प्रत्येकाने आपल्या कामाबद्दल पाच मिनिटं जपानीत बोलायचं होतं. मी नकाशे घेऊन उभी राहिले आणि माझ्या मोडक्यातोडक्या जपानीत म्हटलं की माणसं नदी बुजवतात, तिच्यावर घरं बांधतात, विसरून जातात; जमीन विसरत नाही. वाक्य जरा टाळ्याखाऊ होतं, आणि टाळ्या पडल्याही. हिरानो-साननी वाजवल्या नाहीत.

वर्ग संपल्यावर ते खुर्च्या रचत थांबले. मग म्हणाले, “केतकी-सान, दुसऱ्या देशातली जमीनसुद्धा तुम्हाला अशी बघता येते का?”

मी म्हटलं, “वरून बघता येते. कुठली?”

“अमेरिकेतली. एक रेस ट्रॅक होता. आता नाही.”

मला मोटारींतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण नाहीशा झालेल्या वस्तूंबद्दल मला पहिल्यापासून जरा जास्तच कुतूहल. आई याला नसती उठाठेव म्हणते. पुढचे चार शनिवार समाजकेंद्राच्या पायऱ्यांवर बसून बार्लीचा गार चहा पीत मी त्या ट्रॅकची गोष्ट ऐकली. व्याकरणाचं पुस्तक मिटलेलंच राहिलं.

चोविसाव्या वर्षी हिरानो-सान शेती शिकायला म्हणून अमेरिकेच्या मधल्या भागात एका गावी गेले होते. शेती राहिली बाजूला. हात यंत्रांत चालतो असं दिसल्यावर सगळ्या पंचक्रोशीचे ट्रॅक्टर त्यांच्याकडे यायला लागले. त्या गावात एका शेतकऱ्याची सखल जमीन होती. तिथे पाणी साचायचं, मका कुजायचा. वैतागून त्याने ती भरून घेतली, वर चिकणमाती चोपली आणि अर्ध्या मैलाचा अंडाकृती ट्रॅक केला. पिकलं नाही तिथे त्याने शर्यती पेरल्या. पश्चिमेला लाकडी बाकांचा उतरता मंडप, म्हणजे दुपारचं ऊन बघणाऱ्यांच्या पाठीवर यावं. रविवारी प्रार्थना आटोपली की अख्खं गाव तसंच, कडक इस्त्रीच्या कपड्यांत, बाकांवर येऊन बसायचं आणि संध्याकाळी विटकरी रंगाचं होऊन घरी जायचं. गावातल्या बायकांनी रविवारी धुणं वाळत घालणं सोडून दिलं होतं. टँकर पाणी मारायचा, तरी धूळ उडायचीच. फक्त तिसऱ्या वळणावर उडत नसे. तिथली माती कायम ओलसर.

“रॉय म्हणायचा, त्या वळणावर गाडी गुदगुल्या झाल्यासारखी करते,” हिरानो-सान म्हणाले.

रॉय हा ते राहत होते त्या घरचा मुलगा, त्यांच्याच वयाचा. गाडी रॉयची, चाकं हिरानो-सानची. म्हणजे चाकं बसवायचं काम त्यांचं. प्रत्येक चाकाला मधोमध एकच मोठा नट, तो शिशाच्या हातोड्याने ठोकून घट्ट करायचा. हिरानो-सानची पद्धत चार ठोक्यांची. त्या रविवारी ते मागचं उजवं चाक, बाहेरचं, सगळ्यात जास्त भार घेणारं, ठोकत असताना कुणीतरी त्यांना हाक मारली. तिसऱ्या वळणावर रॉयची गाडी उलटली. चाक शेतात वेगळं सापडलं. रॉय गेला.

“तीन ठोके मला आठवतात,” ते म्हणाले. “चौथा आठवत नाही. मारला असेल. हात सवयीने मारतो. पण आठवत नाही.”

रस्त्यावरून एक बाई सायकलवर मुलाला घेऊन गेली. आम्ही दोघं ती दिसेनाशी होईपर्यंत तिच्याकडेच बघत राहिलो.

चाक आधी निघालं म्हणून गाडी उलटली, की वळणावरची जमीन दबली, गाडी उलटली आणि मग चाक निघालं? तिथे कुणी हा प्रश्न विचारला नाही. कुणी त्यांच्याकडे बोट दाखवलं नाही. पुढच्या महिन्यात ते जपानला परतले. रॉयची धाकटी बहीण डोरोथी दर ख्रिसमसला कार्ड पाठवत राहिली, आणि त्या ट्रॅकचा पुढचा इतिहास हिरानो-सानना वर्षाला एका ओळीने कळत गेला. शर्यती बंद पडल्या. बाकांच्या फळ्या लोकांनी गोठ्यांना नेल्या. मालक वारला. जमीन नांगरली. यंदा सोयाबीन. हिरानो-सान दर वर्षी उत्तर पाठवायचे: नववर्षाच्या शुभेच्छा. खाली सही. पन्नास वर्षं तेवढंच. भूकंपानंतर मात्र तिने ख्रिसमसची वाट पाहिली नव्हती. एप्रिलमध्येच पत्र आलं: टीव्हीवर पाहिलं, तू आहेस ना? यांनी लिहिलं, आहे. आणि तेव्हापासून ते एक शब्द लिहून अडले होते.

“जमीन दबली असेल तर मला तिला सांगण्यासारखं काही नाही,” ते म्हणाले. “नसेल, तर आहे. तुम्ही बघून सांगा. चित्र मला दाखवू नका. ते मी डोळे मिटून रोज बघतो. नुसतं उत्तर सांगा.”

अमेरिकेतले जुने नकाशे इंटरनेटवर फुकट असतात. प्रयोगशाळेत एसी अठ्ठावीसवर, मानेवर ओला टॉवेल, आणि मी योकोहामात बसून उंटावरून शेळ्या हाकत होते. पहिल्या दिवशी नुसतीच शेतं दिसली, एकसारखी. मग एका कोरड्या उन्हाळ्यातलं चित्र हाती लागलं आणि मी खुर्चीतून उठलेच. हिरव्या शेतात पिवळट अंडाकृती रेघ, स्वच्छ! चोपलेली माती, तिच्यावर रोपांची मुळं खोल जात नाहीत, पाऊस लांबला की तेवढीच पट्टी आधी सुकते. गावाने फळ्या नेल्या, नांगर फिरवला, माणसं विसरली, आणि सोयाबीन दर दुष्काळाला तो ट्रॅक पुन्हा काढून दाखवत होतं. मला इतका आनंद झाला की शेजारच्या टेबलावरच्या मुलीला मी हाताला धरून आणलं. ती म्हणाली, “सुगोई,” म्हणजे भारीच, आणि परत जाऊन आपल्या पंख्यासमोर बसली.

मग ट्रॅक होण्याआधीचा नकाशा मी त्यावर बसवला. ओढा होता. उत्तरेकडून येऊन शेताचा ईशान्य कोपरा कापून पूर्वेला निघून जाणारा, बारीक, निळा. आता वळणं मोजायची. सुरुवातीची रेघ पश्चिमेला, बाकांसमोर. तिथून निघायचं: पहिलं वळण वायव्येला, दुसरं ईशान्येला, मग पूर्वेची सरळ बाजू, आणि तिसरं वळण आग्नेयेला. आग्नेयेला ओढा नव्हता. मूळची घट्ट जमीन. मी दोनदा नकाशे तपासले, तिसऱ्यांदा तपासले.

शनिवारी मी त्यांना सांगितलं, “तिसऱ्या वळणाखाली ओढा नव्हता.”

भुवया हलल्या नाहीत. ते उठले, वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, “खूप त्रास घेतलात.” त्या दिवशी त्यांनी क्रियापदांची विनंतीची रूपं शिकवली, नेहमीपेक्षा सावकाश. मला वाईट वाटत होतं, पण खोटं सांगून काय साधलं असतं? शास्त्र शिकलेल्या माणसाने खरं ते सांगावं, असं मी घरी जाताना स्वतःला समजावत होते. थोडा अभिमानसुद्धा वाटत होता, हे आता कबूल करते.

पुढचे दोन शनिवार ओबोनच्या, म्हणजे इथल्या पितरांच्या सणाच्या, सुटीमुळे वर्ग नव्हता. वस्तीतलं बॉन-ओदोरी, म्हणजे त्या सणाचा नाच, त्या वर्षी वीज वाचवायची म्हणून उन्हं असतानाच उरकलं. मधे लाकडी मचाण, त्यावर ढोल, आणि भोवती गोल करून सगळे नाचणार. मला एका आजींनी युकाता, म्हणजे सुती किमोनो, नेसवून गोलात ढकललं. मी हात वर केले, पाऊल टाकलं आणि समोरून येणाऱ्या बाईंच्या अंगावर जाऊन आदळले. सॉरी म्हणून पुन्हा पाऊल टाकलं, तर दुसऱ्या बाई. सगळा गोल एका दिशेने चाललेला आणि मी एकटी उलट! शेवटी आजींनी माझे खांदे धरून मला फिरवलं. “मचाण डाव्या हाताला,” त्या म्हणाल्या.

मला ते काही केल्या जमेना. मधोमध काहीतरी आहे आणि त्याच्याभोवती फिरायचं म्हटलं की ते उजव्या हाताला असलं पाहिजे, हे माझ्या पायांनी केव्हाच ठरवून टाकलेलं. लहानपणी मारुतीला, पिंपळाला, तुळशीला किती फेऱ्या घातल्या असतील. दर वेळी देव उजव्या हाताला. मला कुणी शिकवल्याचं आठवत नाही, तसं कुणी चुकल्याचंही आठवत नाही. गंमत म्हणजे गेल्या वर्षी साताऱ्याला गेलो तर माझी नऊ वर्षांची ईरा मारुतीला डाव्या हाताला ठेवून निघाली. आई ओरडली, “अगं, उलटी कुठे चाललीस?” ईरा जपानीत मला म्हणाली की बॉन-ओदोरीत असंच असतं. आईने विचारलं, “काय म्हणतेय ती?” मी म्हटलं, “काही नाही, घरचं वळण आहे.”

तर, मचाणाभोवती अडखळत फिरताना, बहुधा तिसऱ्या फेरीला, माझे पाय थांबले. मोटारी कुठल्या बाजूने फिरत होत्या?

मी हे कुणाला विचारलंच नव्हतं. नकाशे तीनदा तपासले, ओढा तपासला, माती तपासली, आणि त्या अंडाकृतीला मी बिनदिक्कत मारुतीसारखी प्रदक्षिणा घातली होती. हिरानो-साननी तर सांगितलं होतं: मागचं उजवं चाक, बाहेरचं. उजवं चाक बाहेर राहायचं तर गाडी डावीकडेच वळली पाहिजे, सगळी वळणं डावी. म्हणजे पश्चिमेच्या रेघेवरून दक्षिणेला निघायचं. पहिलं वळण नैर्ऋत्येला, दुसरं आग्नेयेला, आणि तिसरं ईशान्येला. बरोब्बर ओढ्यावर.

मी युकातातच त्यांच्या घरी गेले. दोन गल्ल्यांचं अंतर, पण त्या कपड्यात पळता येत नाही. ते दारात कारल्याच्या वेलाला पाणी घालत होते. मी जपानी, इंग्रजी, मधेच मराठी, जे तोंडात येईल त्यात सगळं सांगितलं. मला इतकी लाज वाटत होती की मी वेलाकडे बघूनच बोलले.

त्यांनी झारी खाली ठेवली. “डावीकडे,” ते म्हणाले. “तिथे सगळे ट्रॅक डावीकडेच. सांगायला हवं होतं मी.”

“चूक माझी आहे. मी विचारलं नाही.”

“ओढा खरंच होता तिथे?”

“होता. अगदी वळणाच्या खाली. जमीन दबली असणार, हिरानो-सान. निदान दबू शकते, हे नक्की.”

त्यांनी वेलाचं एक पिकलेलं पान खुडलं. मग म्हणाले, “पत्र गेलं.”

मी सांगितलं त्याच संध्याकाळी ते लिहायला बसले होते. चार ठोके, तीन आठवणारे, एक न आठवणारा, सगळं लिहिलं आणि सोमवारी पोस्टात टाकलं.

“दुसरं लिहा,” मी म्हटलं. “मी मदत करते. नकाशा जोडू.”

“काय लिहू? माफी मागितली होती ती परत घेतो?” ते चक्क हसले. “केतकी-सान, खरं सांगू का? तुमचं ते उत्तर आलं त्या दिवशी मला हलकं वाटलं. चूक माझी म्हटल्यावर निदान हात लिहायला उठला. ओढा सापडला असता तर मी पुन्हा नुसत्या शुभेच्छा पाठवल्या असत्या.”

परत निघताना त्यांनी पिशवीभर कारली दिली. ती मी रडत चिरली, हे सांगायला आता हरकत नाही. एका माणसाने माझ्या चुकीच्या भरवशावर अपराध पदरात घेतला होता, आणि त्या चुकीबद्दल तो माझे आभार मानत होता. शिकलेलं सगळं एका बाजूला ठेवलं तरी हे मला सोडवता येत नव्हतं, अजूनही पुरतं येत नाही. तिरक्या घरातल्या त्या आजींकडे पुढच्या आठवड्यात गेले तेव्हा मी नकाशा उलगडला नाही. आधी त्यांचं ऐकून घेतलं.

गेल्या वर्षी त्या शेतावर पुन्हा नजर टाकली. निम्म्या भागावर गोदाम उभं राहिलंय, ईशान्य कोपऱ्यावर ट्रक लावायची जागा आहे. हिरानो-सान मुलाकडे कोबेला राहायला गेले, तिथून कार्ड येतं, आणि त्यावर भरपूर मजकूर असतो. मला प्रश्न पडतो, त्या गोदामाखाली ओढा अजून झिरपत असेल का? ट्रकवाले म्हणत असतील का, या कोपऱ्यात चाक गुदगुल्या झाल्यासारखं करतं?

डोरोथीचं उत्तर आलं सप्टेंबरच्या शेवटी. उकाडा मोडला होता, समाजकेंद्राच्या कुंपणाशी लाल हिगानबाना फुलली होती. हिरानो-साननी पाकीट माझ्यासमोर ठेवलं. अक्षर जुन्या वळणाचं, जोडून लिहिलेलं, त्यांना लागत नव्हतं. “वाचा,” ते म्हणाले, आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ताठ बसले.

मी वाचलं. नटाबद्दल लिहिलंस ते कळलं, तिने म्हटलं होतं. बाबा म्हणत जमीन, काका म्हणत चाक. ते दोघंही गेले, आता हे कुणालाच कळायचं नाही, आणि मला त्याचं ओझं नाही. तू त्याबद्दल बोलत नाहीस म्हणून इतकी वर्षं मी तुला दुसरंही काही विचारलं नाही. आता विचारते. त्या दिवशी सकाळी मी आईबाबांबरोबर लवकरच चर्चला गेले होते. रॉय झोपला होता. मग घरात तो आणि तू, दोघंच. त्याच्या त्या सकाळबद्दल सांगू शकेल असं दुसरं कुणी नाही. तो उठला तेव्हा काय म्हणाला? काय खाल्लं त्याने?

हिरानो-साननी चष्मा काढला आणि रुमालाने खूप वेळ पुसला. मग माझी वही ओढून उघडी केली, पेन माझ्या हातात दिलं.

“लिहून घ्या,” ते म्हणाले. “तुमचं इंग्रजी चांगलं आहे. उठल्या उठल्या त्याने मांजराला शिवी दिली. ते त्याच्या बुटावर झोपलं होतं.”

मी लिहून घ्यायला लागले. अंडी दोन. पाव मी भाजला, एका बाजूने जाळला, तीच बाजू त्याने मुद्दाम मागून घेतली. रेडिओ लावला, हवामान ऐकलं, बंद केला. एकेक गोष्ट सांगताना ते थांबायचे, तपासायचे, मगच पुढे जायचे. बाराला केंद्र बंद करणाऱ्या बाई किल्ल्या घेऊन दारात आल्या, तेव्हा रॉयच्या त्या सकाळचे अजून आठसुद्धा वाजले नव्हते.